अडीच हजार हर्ट्झच्या खाली

आमच्या बाजूला ‘स्पीकर’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. पनवेल सोडून गोवा हायवेने दक्षिणेला निघालात की शिरढोण लागतं, मग हळूहळू कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. या पट्ट्यातल्या गावांत हळदीच्या रात्री टेम्पोतून काळी खोकी उतरतात आणि एकावर एक चढतात. ती ही भिंत. बेस लागला की शेजारच्या घराचे पत्रे थरथरतात, नवऱ्याच्या आजीच्या छातीत धडधडतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, यंदा साउंड चांगला होता.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी मागवलेलं पार्सल उघडलं आणि त्यातून चपलांच्या खोक्याहून थोड्या मोठ्या दोन लाकडी पेट्या निघाल्या, तेव्हा आईने आत हात घालून अजून काही राहिलंय का ते बघितलं. बाबांनी एक पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “जड हाय. म्हंजे चांगलं असंल.” व्हार्फडेलची डायमंड जोडी. पाच इंची वूफर, एक इंची ट्वीटर. सोबत एक छोटा अँप्लिफायर. दोन्हींची मिळून किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही, आणि आई असले लेख वाचत नाही या भरवशावर मी हे लिहितो आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवड्यातले दोन दिवस ऐरोलीला ऑफिस, तीन दिवस घरून काम. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास कानात हेडफोन. हेडफोनचा एक त्रास तुम्हालाही जाणवला असेल: गाणारा माणूस डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध अडकलेला असतो. मला तो बाहेर हवा होता. समोर, पाच-सहा फुटांवर, मांडी घालून बसलेला. एवढीच माझी मागणी होती, आणि तिच्यासाठी खरंच भिंत लागत नाही.

भिंत लागत नाही हे सिद्ध करणाऱ्या स्पीकरची गोष्ट मला फार आवडते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या इंजिनियरांनी एलएस३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर बनवला. उंची जेमतेम एक फूट. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांत मोठा स्पीकर मावायचा नाही, आणि आतल्या माणसाला तर निवेदकाचा आवाज नीट येतोय की नाही हे कळायला हवं. म्हणून त्याचा सगळा जोर माणसाच्या आवाजावर. खालचा गडगडाट त्याला झेपत नाही, फार मोठ्यानेही तो वाजत नाही, पण समोरचा माणूस माणसासारखा बोलतो. हा स्पीकर पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या कंपन्या परवान्याने बनवत राहिल्या आणि आजही त्याच्या जुन्या जोड्यांसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. छोट्या स्पीकरांचं घराणं मानायचं तर हा त्यातला एक बुजुर्ग.

आता आमची खोली. घराचा पुढचा भाग कौलारू, मागे दहा वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली, दहा बाय बारा. खाली टाइल्स, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. अशा खोलीत टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज परत येतो. पहिल्या दिवशी गाणं लावलं तर गायक विहिरीत बसल्यासारखा. दोष स्पीकरचा नव्हता. स्पीकर विकत आणतो तेव्हा आपण अर्धाच आवाज विकत आणतो, उरलेला अर्धा आपल्या भिंती देतात. परदेशातले लोक यासाठी फोमचे आणि लाकडी पट्ट्यांचे महागडे तक्ते लावतात. आमच्याकडे आजीने शिवलेल्या चार गोधड्या होत्या. दोन मागच्या भिंतीवर टांगल्या, एक खाली अंथरली, आणि लोखंडी कपाटाच्या दारावर चौथी. घरात आलेला प्रत्येक माणूस विचारतो, गोधड्या वाळत का घातल्यात? पण टर्रर्र गेली. गोधडीसारखा जाड, मऊ, सुरकुतलेला कपडा वरच्या पट्टीतले आवाज गिळून टाकतो. खालचे मात्र तिला दाद देत नाहीत. बारा फूट लांबीच्या खोलीला स्वतःचा असा एक घुमारा असतो, साधारण ४७ हर्ट्झला, आणि तो घालवायला गोधडी नव्हे, भिंतच पाडावी लागेल. सुदैवाने पाच इंची वूफर तिथपर्यंत जोमाने पोचतच नाही. छोटा स्पीकर छोट्या खोलीत शोभतो तो असा.

पावसाळ्याचं वेगळंच. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पापड तळून ताटात वाढेपर्यंत मऊ. जुन्या स्पीकरांच्या कोनभोवती फोमची कडा असायची. ती दमट हवेत काही वर्षांत कुजून हातात पिठासारखी यायची. आजकाल बहुतेक रबराची असते, ती टिकते. पण मागच्या बाजूच्या भोकात, ज्याला पोर्ट म्हणतात, पालीने बिऱ्हाड केलं तर त्यावर कुठल्याही कंपनीची वॉरंटी नाही. मी तिथे मोज्याचे बोळे घातलेत. ऐन पावसात पुढच्या पडवीच्या पत्र्यावर सर बसली की स्पीकर बंदच करावे लागतात. पाऊस जास्त मोठ्याने वाजतो, आणि चांगलाही.

दोन स्पीकर का, एक का नाही, हे आईला समजावताना मला ॲलन ब्लमलाइनची गोष्ट सांगावी लागली. १९३१ साली हा इंग्लिश इंजिनियर बायकोसोबत सिनेमाला गेला असताना वैतागला म्हणे, की पडद्यावर माणूस एका टोकाला चालतोय आणि आवाज मात्र भलतीकडून येतोय. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला, आणि आज ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. पुढे अकरा वर्षांनी, महायुद्धात, रडारची चाचणी चाललेलं विमान कोसळून तो गेला. वय अवघं ३८.

दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण करून बसलात की डोक्यात एक मजेशीर फसवणूक होते. दोन्ही पेट्यांतून अगदी एकसारखा आवाज येत असेल तर तो दोन्हीकडून येतोय असं वाटत नाही. तो मधून येतो, जिथे काहीच नाही तिथून. जुन्या मोनो ध्वनिमुद्रिका म्हणून मला या जोडीवर फार आवडतात. गायक मधोमध, मागच्या गोधडीसमोर बसतो. तिथे खरं तर आमचा पाण्याचा पिंप आहे.

या त्रिकोणाची एकच अडचण. त्याला टोक एकच असतं. नीट ऐकू येईल अशी जागा खोलीत एका माणसापुरती. हायफायचं हे सगळं शास्त्र एकट्या माणसाला गृहीत धरून रचलंय. आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकट्याने करायची सोय नाही. त्या खुर्चीत कधी पुतणी गृहपाठ करते, कधी आई वाल सोलते, आणि संध्याकाळी सातनंतर बाबा बसतात.

बाबा टाळकरी. आमच्या गावच्या भजनी मंडळात पंचवीसेक वर्षं. बुवा पुढे, पखवाज बाजूला आणि मागे टाळकऱ्यांची रांग. त्या रांगेत बाबांची जागा ठरलेली होती. कर्नाळ्याच्या आजूबाजूच्या गावांत असे भजनाचे सामने व्हायचे की रात्री दहाला बसलेली मंडळी पहाटेची पहिली एसटी बघूनच उठायची. पण गेली तीनेक वर्षं ते जायचे बंद झाले होते. कारण विचारलं की म्हणायचे, नवीन टाळांना आवाज नाय. “कासं रायलं नाय आता. पितळेला पॉलिश मारतात नि इकतात.” मंडळात कुणाला वाटलं मानपानावरून काही बिनसलंय. बुवा दोनदा घरी येऊन गेले, चहा पिऊन परत गेले.

मग एका संध्याकाळी मी भीमसेन जोशींच्या संतवाणीचं एक ध्वनिमुद्रण लावलं. बाबा खुर्चीत, मी उंबऱ्यावर. दहा मिनिटं ते डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते. अभंग संपला तसे म्हणाले, “पखवाज बरा लावलाय. पण टाळ का नाय ठेवले यांनी?”

त्या ध्वनिमुद्रणात टाळ इतके स्वच्छ आहेत की डावीकडे बसलेला टाळकरी मला बोटाने दाखवता येईल.

मी काही बोललो नाही. फोनवर एक साधं ॲप असतं, त्यातून हव्या त्या कंपनसंख्येचा सूर काढता येतो. पुतणीला ‘खेळ खेळू’ म्हणून बोलावलं, म्हणजे बाबांना परीक्षेसारखं वाटू नये. आवाज बेताचा ठेवला. पाचशे हर्ट्झ, तिघांचेही हात वर. हजार, तिघेही. दोन हजार, तिघेही. तीन हजारांना बाबांनी हात वर करायला वेळ लावला आणि पुतणीकडे बघून केला. चार हजार: पुतणीने कान झाकले, मी हात वर केला, बाबा आमच्याकडे बघत बसले. त्यांना वाटलं, अजून लावलंच नाही. माझं सोळा हजारांच्या पुढे संपलं. पुतणी, वय नऊ, अठरा हजारांना पण हात वर करून नाचत होती आणि आजोबा हरले म्हणून खूश होती.

इथे स्पीकरच्या आत काय चालतं ते सांगायला हवं. वूफरचा मोठा कोन सावकाश हलणारे, खालचे आवाज काढतो. ट्वीटरचा एक इंची रेशमी घुमट वरचे, झपाट्याचे आवाज काढतो. दोघांत वाटणी करायला आत क्रॉसओव्हर नावाचं एक छोटं सर्किट असतं, आणि अशा पेट्यांत वाटणीची रेघ साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान पडते. अडीच हजार धरा. बाबांचं ऐकणं जवळपास त्याच रेघेला संपत होतं. माझ्या हौसेच्या जोडीतले दोन्ही ट्वीटर त्यांच्यापुरते मुके होते. ते नुसते वूफर ऐकत होते.

आणि टाळ? कांशाचे दोन जाड तुकडे एकमेकांवर आपटले की जी किणकिण उठते ती बहुतेक सगळी रेघेच्या वरची. पखवाज रेघेच्या खालचा. डाव्या पुडीला कणीक, उजवीला शाई, आणि त्या शाईमुळे कातड्याला सूर कसा येतो यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लिहून ठेवलंय. तो बाबांना पुरेपूर ऐकू येतो. म्हणजे मागच्या रांगेत बसून बाबा टाळ वाजवत होते, हाताला आघात कळत होता, आणि कानाला स्वतःचाच टाळ लागत नव्हता. त्यावरून त्यांनी काशाला दोष दिला. मला ते आजही अगदी रास्त अनुमान वाटतं. चाळीस वर्षं ओळखीची वस्तू अचानक वाजेनाशी झाली तर माणूस आधी वस्तूकडेच बघणार.

पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला. कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. दोन हजारांपर्यंत रेघा बऱ्यापैकी सपाट जातात आणि मग कर्नाळ्याच्या सुळक्यावरून खाली बघावं तशा कोसळतात. डावीकडची जरा जास्तच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काम कुठे करत होता?”

तळोज्याच्या बाजूला एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, सत्तावीस वर्षं. पत्र्यावर डाय पडायचा, दिवसाला काही हजार वेळा. प्रेस डाव्या अंगाला. कानात काय घालायचा, तर कापूस. तोही स्वतःचा, आईने वातींसाठी आणलेला. कापसाने फारसं काही अडत नाही.

आतल्या कानात शंखासारखी एक गुंडाळी असते, तिच्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी. जन्मतः एका कानात पंधरा-सोळा हजार. जास्त नाहीत. एका फोटोतल्या पिक्सेलपेक्षाही किती कमी बघा. उंच आवाजांच्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या, खालच्या आवाजांच्या आत खोल. दणका आधी दारातल्यांना बसतो, आणि गेलेली पेशी परत उगवत नाही. कारखान्यातल्या गोंगाटाने गेलेल्या कानाची खूण म्हणजे चार हजार हर्ट्झच्या आसपास पडलेला खड्डा. वय वाढलं की तो खड्डा पसरत जातो. अमेरिकेतली निऑश ही संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते, आपल्याकडे ती ९० आहे. पाच डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण डेसिबलची चढण आपल्या नेहमीच्या मोजण्यासारखी नसते: दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट.

कायदा वाचायची मला सवय नाही, पण त्या आठवड्यात वाचला. कारखाना कायदा, १९४८. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आणि त्याच यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा. कलम ८९ प्रमाणे असा आजार दिसला तर व्यवस्थापनाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचं असायचं. बाबांना हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात पेन्शन हाय का?” मग म्हणाले, प्रेसवर ज्यांची बोटं गेली त्यांचं कुणी लिहून घेत होतं. कान गेल्याचं दिसतं कुठं?

दिसत नाही हे खरंच. बहिरा माणूस म्हणजे ज्याला ऐकू येत नाही, अशी आपली समजूत. बाबांना ऐकू येतं. हायवेवरचा ट्रेलर, आईची हाक, मोटारचा पंप, सगळं. पण मराठीतले स्वर रेघेखाली राहतात आणि स, श, फ, त, ख यांचा बराचसा भाग रेघेवर. म्हणजे ‘सात’ म्हटलं की त्यांच्यापर्यंत ‘आ’ पोचतो. मग ते सात, हात, आठ, खाट यांतलं एक संदर्भाने निवडतात. बहुतेक वेळा बरोबर निवडतात, आणि चुकले की घरात हशा होतो. मोठ्याने बोलून उपयोग होत नाही, कारण ओरडताना आपण ‘आ’ मोठा करतो, ‘स’ नाही. आता आई त्यांच्यासमोर येऊन, तोंडाकडे बघू देत, सावकाश बोलते. एवढ्याने पूर्वीचं निम्मं भांडण कमी झालंय. उरलेलं निम्मं ऐकू येण्या-न येण्याशी संबंधित नाही.

जानेवारीत आम्ही दोघं सकाळी कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलो. अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, हायवे त्याला चिरत जातो. फाटकातून आत शिरल्यावर दहा-पंधरा मिनिटं ट्रकांची घरघर पाठ सोडत नाही. मग चढ लागतो आणि ती मागे राहते. मी लहान असताना बाबा इथे मला पक्षी दाखवायचे, नुसत्या आवाजावरून, मान वर न करता. या वेळी भारद्वाज घुमला तसे ते थांबले. तांबटाची टुकटुक लागली, तर किती वेळ चालते ते मोजत राहिले. ते दोघंही रेघेच्या खालचे. माझ्या डोक्यावरच्या फांद्यांत चष्मेवाल्यांचा थवा चिवचिवत चालला होता आणि एक शिंजीर ओरडून ओरडून बेजार झाला होता, तेवढ्यात बाबा म्हणाले, “पाखरं कमी झाली.”

मी मान वर करून दाखवलं. त्यांना पानं हलताना दिसली. मग बराच वेळ ते हलणाऱ्या पानांकडे बघत राहिले, आणि उतरताना त्यांनी मला विचारलं, “मशीन केवढ्याला येतं?”

मशीन, म्हणजे श्रवणयंत्रं, स्पीकर आणि अँप्लिफायरच्या दीडपट किमतीला आली. आता मुद्दाम सांगतो, कारण अनेकांना वाटतं चष्मा लावावा तसं यंत्र लावलं की झालं: तसं नाही. पहिल्या आठवड्यात बाबांना सगळ्यात मोठ्याने काय ऐकू आलं, तर प्लॅस्टिकची पिशवी. मग कांद्याची फोडणी. मग स्वतःच्या चपला. वीस वर्षं हे आवाज मेंदूकडे गेलेच नव्हते, तर ते बाजूला सारायची सवयही गेली होती. “घरात इतका कचरा वाजतो?” असं ते आईला म्हणाले, आणि तिने तो स्वतःच्या घर झाडण्यावरचा शेरा समजून घेतला.

गाण्याचं तर अजून अवघड. ही यंत्रं मुख्यतः बोलणं समजावं म्हणून घडवलेली. त्यांच्यात शिट्टी दाबायची एक सोय असते. यंत्राचा आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरून कुईं होऊ नये म्हणून. आता तानपुरा म्हणजे काय, तर अखंड चाललेला सूर. यंत्राला वाटतं हीच शिट्टी, आणि ते तिला दाबायला धावतं. तानपुरा मग पाण्यात पडल्यासारखा डुचमळतो. बाबा म्हणाले, “याच्या तारा ढिल्या हायत.” पुन्हा दोन चकरा पनवेलला. तिथल्या मुलीने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून दिला, शिट्टी दाबायची सोय त्यात सैल केली. तेव्हा तानपुरा स्थिर झाला.

त्याच संध्याकाळी तीच संतवाणी पुन्हा लावली. बाबांनी पाच-सात मिनिटं ऐकलं. त्यांना काय वाटलं ते तोंडावरून कळेना, आणि मी विचारलंही नाही. मग ते उठले, देव्हाऱ्याखालच्या डब्यातून फडक्यात बांधलेले आपले टाळ काढले आणि कानापासून हातभर लांब धरून एकदा वाजवले. जोरात दचकले. यंत्र काढून खिशात टाकलं. पुन्हा वाजवले. पुन्हा यंत्र घातलं, आणि या वेळी अगदी हलक्या हाताने, कडेला कड लावून.

“कासंच हाय,” असं म्हणाले.

आता ते एकादशीला मंडळात जातात. तिथे यंत्र घालत नाहीत. दहा टाळ एकदम वाजले की ते यंत्र गोंधळतं आणि सगळ्याचा मिळून चुरा करतं. त्यांनी जागा बदलून घेतली आहे. मागच्या रांगेतून उठून ते पखवाजाच्या डाव्या बाजूला बसतात, म्हणजे चांगला उजवा कान पखवाजाकडे राहतो. टाळ ते हाताने आणि पखवाजाने वाजवतात. बुवांना कारण सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग करून आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सातनंतर ते खुर्चीत बसून ऐकतात, यंत्र घालून, संगीताच्या प्रोग्रॅमवर. कुठे ठेका पळाला, कोण आधी उठला, सगळ्यांची हजेरी घेतली जाते. पुतणीने विचारलं, आजोबा यात तुमचा टाळ कोणता? तर त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली आणि थोड्या वेळाने म्हणाले, “हा, आता.”

त्यांच्यासाठी आम्ही त्रिकोणही बदलला. सुरुवातीला त्यांना गायक मधोमध न दिसता खिडकीकडे सरकलेला वाटायचा. डावा कान जास्त गेलेला, म्हणून. मग डावा स्पीकर चार बोटं पुढे घेतला. त्याचा आवाज एका सेकंदाच्या काही हजारांश भागाएवढाही नाही, त्याच्याहून कमी वेळ आधी पोचतो, पण तेवढ्याने गायक पिंपासमोर आला. आवाज कुठून येतो हे ओळखायला मेंदू दोन कानांतला हाच फरक वापरतो, आणि तोही मुख्यतः दीड हजार हर्ट्झच्या खालच्या आवाजांत. म्हणजे हे काम बाबांच्या शाबूत राहिलेल्या अर्ध्यात चालतं. माझ्यासाठी आता गायक किंचित दाराकडे बसतो. चालतं. टाइल्सवर खडूने खुणा करून ठेवल्यात, पण आई केर काढताना त्या पुसते आणि स्पीकरही जरा ढकलते.

परवा असंच. मी मीटिंगमध्ये होतो, बाबांनी स्वतःच फोनवरून गाणं लावलं होतं. आतून हाक आली, “डावा मागं गेलाय.” मी हेडफोन काढून गेलो. खडू पुसलेला होता. टेप लावून बघितलं तर चार बोटं मागे होता.